‘काय रांधलं?’ विचारणारी शकुन

मुलांनो, शकुनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होते. तिची सून एवढेच म्हणाली, “बाई, आई गेली.” हातातल्या अभ्र्याची मी नीट घडी घातली आणि मगच खाली बसले...

सुट्टीत तुम्ही तिला पाहिले आहे. दवनीवाड्याची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. पण ती काय काम करते, हे सांगण्याजोगे तुमचे वय तेव्हा नव्हते. आमच्या भागातल्या मुलींना शहरात कामाला लावतो म्हणून नेत आणि तिकडे विकत. त्यातून सुटून आलेल्यांसाठी गोंदियात एक संस्था सरकारी अनुदानावर हेल्पलाइन चालवी. म्हणजे एक खोली, एक फोन आणि फोनपाशी शकुन. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून संस्थेचे इंग्रजी अहवाल माझ्याकडे येत.

मुलीला झाले-गेले शकुन कधी विचारत नसे. रोज एकच प्रश्न, काय रांधलं? जिने उत्तर टाळले तिच्या गावी दुसऱ्या दिवशी ही एसटीने हजर. नवेगाव बांधकडची एक मुलगी होती, तिला फुला म्हणू. ती परत आली, पण घरचे तिला चुलीजवळ फिरकू देत नसत. तिच्या हातचे कोणी खाईना. फुला फोनवर रडायची, पुन्हा निघून जाते म्हणायची. तरी शकुनचा प्रश्न बदलला नाही.

पुढे अनुदान चालू ठेवायचे की नाही, हे ठरवायला एक साहेब आले. ते बसलेले असतानाच फोन वाजला. आम्ही सावरून बसलो, आणि शकुन तरोट्याच्या रानभाजीत लसूण किती टाकला, मीठ बरोबर पडले का, हे विचारत बसली. साहेब घड्याळ पाहू लागले. शेवटी म्हणाले, ही हेल्पलाइन आहे की स्वयंपाकाचा कार्यक्रम?

शकुनने रिसीव्हरवर हात ठेवला. “साहेब, इचे घरचे इले चुलीले हात लावू देत नव्हते. आज इच्या बापानं इच्या हातचं खाल्लं. फोन ठेवू काय?”

साहेब म्हणाले, “नका ठेवू.”

त्यांच्या वरिष्ठांसाठी मी अहवालात या चौकशीला ‘पोस्ट-रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग’ असे भारदस्त इंग्रजी नाव दिले. मराठीत ‘पुनर्वसनोत्तर समुपदेशन’ असा अर्थ सांगितला तर शकुन हसत सुटली. “तरोट्याले एवढं मोठं नाव हाये काय, बाई?”

अनुदान मिळाले, काही वर्षे टिकले. मग दूरच्या शहरात एक मोठा हेल्पलाइन नंबर सुरू झाला आणि आमची खोली बंद झाली. त्या नंबरमुळे मुली सुटतात, हे मी मानते. पण सुटून आल्यावर रोज कोणी भाजी विचारावी, यासाठी कुठल्याच कागदावर तरतूद नाही. शकुनने स्वतःचा मोबाइल नंबर सगळ्यांना देऊन टाकला आणि शेवटच्या आजारातही तो बंद केला नाही.

ती गेल्यावर माझे स्वयंपाकघरात लक्ष लागेना. शेजारून डबा यायचा, तसाच परत जायचा. एका दुपारी फुलाचा फोन आला. आता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते.

“बाई, काय रांधलं?”

मी म्हटले, भूक नाही गं.

ती म्हणाली, “उठा मंग. भात तरी टाका. मी फोन धरून राहते.”

मी उठले. तांदूळ धुतानाचे पाणी तिला ऐकू जावे, म्हणून फोन नळाशेजारी ठेवला.