आमची सून रशियन नाही

सून कुठली, असं कुणी विचारलं की तीन वर्षं मी 'रशियन' असं सांगत आले. विचारणारे खूश व्हायचे, मीही सुटायचे. खरं तर लग्नाआधीच तिनं मला सांगितलं होतं, की ती काझानची, पासपोर्ट रशियाचा, पण माणसं तातार. मी मान डोलावली आणि पुण्यात फोन करून रशियन म्हणून मोकळी झाले. तातार म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, 'म्हणजे मुसलमान का गं?' त्यावर 'हो' म्हणायची माझी छाती नव्हती. शिवाय मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई. माझ्या डोक्यातले तातार घोड्यांवरून यायचे, गावं जाळायचे आणि धडा संपला की निघून जायचे. त्यांच्यातली मुलगी युनिव्हर्सिटीत पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करते आणि माझ्या मुलाला रोज भांडी घासायला लावते, हे त्या धड्यात कुठेच बसत नव्हतं.

नातू झाला म्हणून मी सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या त्यांच्या फ्लॅटवर आले. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. मला मुलगी नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्याचं काम मीच करणार होते, आणि पुण्याची मंडळी व्हिडिओवरून बघणार होती. दोन दिवस आधी लिटिल इंडियात जाऊन घुगऱ्यांसाठी हरभरे आणि हळदकुंकू घेऊन आले. पिशव्या खाली ठेवतेय तोच सून इंग्रजीत म्हणाली, "आई, परवा माझी आईसुद्धा व्हिडिओवर असेल. तिच्यासमोर मला रशियन म्हणू नका, प्लीज."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग, का कोण जाणे, रागच आला.

"अगं, पण तातार म्हणजे नक्की कोण, ते तरी नीट सांग. पुण्याची माणसं मला छत्तीस प्रश्न विचारतील."

ती बाळाला खांद्यावर टाकून थोपटत बोलत राहिली. तिच्या आजोबांचं म्हणणं, आपण मूळचे व्होल्गाकाठचे बुल्गार, तातार हे नाव दुसऱ्यांनी चिकटवलं. मामा म्हणायचा, छे, आपण त्या मोठ्या मंगोल राज्याचेच वारस, त्यात लपवायचं काय? जेवायला बसलं की दोघांची जुंपायची. क्रिमियाचे तातार वेगळे, सैबेरियाचे वेगळे, आणि बाहेरच्यांना सगळे एकच. पणजीची पत्रं अरबी लिपीत आहेत, ती आता घरात कुणाला वाचता येत नाहीत. तिची स्वतःची तातार भाषाही अर्धीमुर्धी, आईशी बोलताना मध्येच रशियनवर जाते.

"पण आम्ही रशियन नाही, यावर आजोबा आणि मामा दोघांचं एकमत होतं," ती म्हणाली. मग बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, "आमच्याकडेही बाळाचं नाव कानातच सांगतात." मला वाटत होतं ते फक्त आपल्याकडेच असतं.

त्यानंतरचे दोन दिवस माझा पाय घरात ठरेना. लिफ्टनं खाली जायचं, ब्लॉकला चक्कर मारायची, वर येऊन भिजलेले हरभरे उगाच बघायचे. पुण्याला आधीच फोन करून टाकावा म्हणून ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, तीनदा नंबर लावला आणि तिन्ही वेळा त्यांनी उचलायच्या आत कापला. इतकी वर्षं थापा मारल्या हे कबूल करायचं, आणि तेही ताईंपुढे. मुलाला म्हटलं, तूच सांग बाबा. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, थाप तू मारलीस." कार्टा बरोबर बोलत होता, म्हणून मी जास्तच चिडले.

बारशाला मुलानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. एका चौकटीत पुणं, दुसरीत डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली सुनेची आई. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ताई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "बाळ दिसलं, आता तुझी रशियन सून कुठाय? तिलाही बघू दे की."

बाकी मराठी समजायची गरज नव्हती, तेवढा एक शब्द पुरेसा होता. विहीणबाईंचं हसू थांबलं. सून माझ्याकडे बघत नव्हती, बाळाचं टोपडं सारखं करत होती.

"ताई, ती रशियन नाही," मी म्हणाले. "तातार आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"तातार? म्हणजे मुसलमान का?"

"हो."

मग ताई म्हणाल्या, "अगं, पण ते लुटारू ना? माझ्या पोरांना तूच शिकवलंस."

"मीच शिकवलं. मला तेवढंच माहीत होतं." ताईंनी घुगऱ्या कशा झाल्यात ते विचारलं आणि थोड्या वेळानं फोन ठेवला. विहीणबाई मात्र लेकीशी बराच वेळ बोलत होत्या. त्यात 'तातार' हा शब्द मला दोनदा ऐकू आला.

संध्याकाळी सून बाळाला पाजत बसली होती. मी समोर साड्यांच्या घड्या घालत होते. तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला माझी लाज वाटत होती?"

नाही, तसं नाही, तिकडची माणसं कशी असतात ते तुला माहीत नाही, असं बरंच तोंडाशी आलं होतं.

"वाटत होती," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "मला ठाऊक होतं. पण पुण्यात मला रशियन का म्हणतात, असं आईनं मागे विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, की तुमच्या भाषेत आमच्यासाठी शब्दच नाही."