जावेच्या पाटीतला मासा

चिमणाबाईला आयुष्यात दुखणं असं एकच होतं आणि ते पोटात होतं. वैद्याकडे नेण्यासारखं नव्हे. जावेची पाटी आपल्या पाटीपेक्षा जड दिसली की ते उठायचं. सायखेड्याच्या बाजारात दोघी जावा शेजारी शेजारी मासे घेऊन बसत. बसण्याआधी चिमणाबाई मान वाकडी करून वत्सलाच्या पाटीत डोकावायची, आणि जे दिसेल त्यावर तिचा सगळा दिवस ठरायचा. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. बाईचं तोंड आंबट दिसलं की कुणी घासाघीस करायला धजत नसे.

गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. काठावर भोयांची मोजकी घरं आणि प्रत्येक घराचा नदीत एक डोह. चिमणाबाईचा सासरा गोटीराम वारला तेव्हा त्याचे दोन डोह दोन लेकांत वाटायचे होते. वरचा खडकाचा डोह खोल, तळ दिसेल असा नितळ, कपारीत वाम, मरळ असे महागाचे मासे. खालचा नाल्याचा डोह उथळ आणि चिखलाचा, बगळ्यानंही नाक मुरडावं असा. थोरल्याचा मान म्हणून पुंजारामला आधी निवडायला सांगितलं. तो बिचारा "काळूला काय पायजे ते इचारा" म्हणणार होता, पण चिमणाबाईनं मागून नवऱ्याच्या सदऱ्याला असा हिसका दिला की "खडकाचा" हा शब्द त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडला. धाकट्या काळूच्या वाट्याला नाला आला. काळूची बायको वत्सला तेव्हा नवी नवरी होती. ती जाळं उचलून नाल्याकडे चालू लागली. तिचं हे तक्रार न करणं चिमणाबाईला पुढे फार खुपलं.

मग काठाकाठानं द्राक्षबागा आल्या. बहात्तरच्या दुष्काळात होरपळलेली माणसं आता सैल हातानं खत टाकू लागली. एका गोणीनं एवढं येतं तर दोन गोण्यांनी किती येईल, असा सरळ हिशेब. पिकानं घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून काळूच्या डोहात. गावाचं सांडपाणीही तिथंच. हे खत द्राक्षासाठी आहे, तुझ्यासाठी नाही, असं शेवाळाला कुणी सांगितलं नव्हतं. ते तरारलं, पाणी हिरवंगार झालं. शेवाळावर किडे वाढले, किड्यांवर मासे. धरणातून वाहून आलेले रोहू तिथं असे पोसले की काळूला जाळं एकट्यानं ओढवेना.

वत्सलाची पाटी उतू जाऊ लागली. घरावरचं गवत जाऊन कौलं आली. काळू सायकलवरून हिंडू लागला. एक दिवस वत्सला बाजारात आली ती कानात सोन्याची फुलं घालून. त्या दिवशी चिमणाबाईनं एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत मासा असा आपटला की त्याचं धोतर शिंतोड्यांनी भरलं.

"अवं, तिच्या कानात फुलं आली," ती घरी आल्या आल्या म्हणाली.

"येऊ दे की," पुंजाराम जाळं सांधत म्हणाला. "आपल्या ताटात भाकर हाय ना?"

"माझ्या ताटात काय हाय ते मला दिसतंय! तिच्या ताटात काय हाय ते सांगा!"

खडकाच्या डोहानं तिला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. पण पोट भरलेल्या माणसाला जळायला जास्त सवड मिळते. हा डोह आपणच हिसका देऊन घेतला, हे आठवलं की ती आणखी जळायची, आणि तो रागही वत्सलावरच काढायची.

शेवटी एका दसऱ्याच्या आधी तिनं पदर खोचला आणि जावेच्या दारात गेली. "वत्सले, तुम्ही लय दिवस खाल्लं. आता डोह बदलू."

वत्सला भाकरी थापत होती. "बदलू की आक्का, थोरल्या हायेत तुम्ही. पण त्या पाण्याचं मला भ्या वाटतं. उन्हाळ्यात पहाटं मासा वर येतो, तोंड भाईर काढून आ करतो. हातानं धरावा असा. मासा इतका सोपा गावणं बरं नाय."

मासा हातानं धरता येतो! चिमणाबाईच्या कानांनी तेवढंच उचललं. आणि ही बया म्हणते, बरं नाय! भरल्या ताटावरून उठायचं जिवावर आलंय, म्हणून मला बागुलबुवा दाखवतेय. चिमणाबाईला तर आता खात्रीच पटली.

भोयांची डोह देण्याची एक रीत होती. दसऱ्याला काठावर नारळ फोडायचा आणि देणाऱ्यानं आपल्या डोहाचं पाणी घेणाऱ्याच्या ओंजळीत घालायचं. असा दिलेला डोह परत मागायचा नाही. मागेल त्याच्या जाळ्याला मासा लागत नाही, असं म्हणत. काळूनं थोरल्या भावाच्या ओंजळीत पाणी घातलं. ते पाणी हिरवं होतं आणि त्याला वास होता. पुंजारामनं बायकोकडे पाहिलं. बायको नव्या डोहाकडे पाहत होती.

तो हिवाळा चिमणाबाई राणीसारखी जगली. बाजाराची वाट तिच्या दारावरूनच होती, तरी ती मुद्दाम वळसा घालून वत्सलाच्या दारावरून भरली पाटी नेई.

मग वैशाख आला. आभाळ भरून आलं, पण पाऊस नाही आणि वाराही नाही. पहाटे पुंजारामची हाक आली. ती धावत गेली तर हिरव्या पाण्यावर पांढरी पोटंच पोटं. सगळा डोह मेला होता. दिवसा उन्हात तरारणारं शेवाळ रात्री पाण्यातली हवा ओढून घेतं, आणि कुजायला लागलं की उरलीसुरलीही संपवतं. मासे आ करत ते हवेसाठी. वत्सलाला कारण कळलं नव्हतं, पण तिची भीती खरी होती. चिखलात एखादी मरळ तेवढी तगली. दुर्गंधीनं वाडीत जेवण जाईना. पुढच्या पावसाळ्यानंतर डोहावर जलपर्णी चढली आणि पुंजाराम द्राक्षबागेत मजुरीला जाऊ लागला.

पाटीत एखादी मरळ असो वा नसो, चिमणाबाई मात्र बाजारात जातच राहिली. रिकामी पाटी घेऊन घरी बसायला तिला लाज वाटायची. शेजारी वत्सला, आता खडकाच्या डोहाचे मासे घेऊन. ती आपल्या पाटीतल्या दोन वामी उचलायची आणि जावेच्या पाटीत टाकायची. प्रत्येक बाजारी. चिमणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आधी हिला नुसते मासे मिळत होते, आता वर मोठेपणाही मिळतोय! पण वामी ती परत करत नसे. घरी चूल होती.

रोज सकाळी शेण गोळा करायचं निमित्त काढून ती खडकाच्या डोहावर जायची आणि पाण्याकडे टक लावून पाहायची. गंगामाई, हिच्याकडेही एकदा बघ, म्हणायची.

गंगामाईनं कुणाची मुद्दाम बाजू घेतली असं नाही. बागा वरच्या अंगालाही पसरल्या, शहर वाढत खाली सरकलं, उन्हाळ्यात धार बारीक झाली. एका चैत्रात खडकाच्या कडेला शेवाळाची हिरवी तार दिसली. वैशाखापर्यंत तळ दिसेनासा झाला. आणि एका पहाटे चिमणाबाईला तिथं एक रोहू दिसला, तोंड पाण्याबाहेर, आ केलेला.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, झाला. पण काठ चढेपर्यंत काही तो टिकला नाही. तिच्या पाटीत पडणाऱ्या वामी याच कपारीतल्या होत्या, आणि त्या टाकणारी बाई आता उठून चूल पेटवत असेल. तिला भरल्या पोटी जळायची सवय होती. रिकाम्या पोटी, रिकाम्या पाटीच्या जावेवर कसं जळायचं, हे तिला कळेना.

"वत्सले!" ती दारातूनच ओरडली. "पाटी घेऊन चल! मासा आ करतोय!"

वत्सला चुलीपुढून उठून दारात आली. आता ही म्हणणार, तुमचीच नजर लागली. चिमणाबाई ते ऐकायला तयार होऊन उभी होती. वत्सलानं पाटी उचलली आणि पुढे चालू लागली.

पुरुष रात्रीच बागेला पाणी द्यायला गेले होते; डोहाचा तळ दिसेनासा झाल्यापासून काळूही मजुरीला जाई. निघेल तेवढं हिरवं काढलं तर मासा तगेल, म्हणून दोघी कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि हातानं शेवाळ ओढून पाट्यांत भरू लागल्या. ते केसांसारखं बोटांत अडकत होतं, ओढावं तेवढं मागून येत होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या काठावर आल्या आणि गळत्या पाट्या खाली टेकवल्या. डोह होता तसाच हिरवा होता.

चिमणाबाईची मान सवयीनं वाकडी झाली. तिनं जावेच्या पाटीत डोकावून पाहिलं.

वत्सलानं ते पाहिलं. "काय आक्का, माझी जास्त भरली का?"

"नाय," चिमणाबाई म्हणाली. "सारखीच हाय." आणि जावेसमोर ती पहिल्यांदाच रडली.