न प्यायलेली कॉफी

करक शहराच्या बाजारातला न्हावी धैफल्ला खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटातलं ओळखायचा. कोण कंजूष, कोण खोटारडा, हे म्हणे त्याला गालावर वस्तरा फिरवतानाच कळायचं. एवढ्या शहाणपणाची शिक्षा देव कधीतरी देतोच.

मुलीचं, जुमानाचं लग्न ठरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी होणारा व्याही अव्वाद थंडीमुळे असेल, तोंडाला रुमाल गुंडाळून आला, दोन शब्द बोलला, कॉफीचा पेला खाली ठेवला आणि तसाच निघून गेला. कॉफीला त्याने तोंडही लावलं नाही.

करकमध्ये पाहुण्याने पेला तसाच ठेवला, तर त्याची काहीतरी मागणी असते. यजमानाने ‘पी, दिलं’ म्हणायचं, मग पाहुणा पितो. धैफल्लाने मुद्दाम म्हटलं नाही.

"होकार देऊन झाला, आता आणखी काय हवंय याला?" तो अंगणात येरझारा घालत होता. बसला की उठत होता, उठला की दुखरा गुडघा धरत होता. "मला खाली बघायला लावायचंय त्याला."

"अहो, विचारायचं होतंत," बायको फिद्दा म्हणाली.

"मला माणसं कळतात."

"हो, तुम्हाला सगळीच कळतात. झोपा आता."

झोप कसली येतेय! सकाळी त्याने भावाबरोबर निरोप धाडला, लग्न मोडलं. भाऊ तासाभरात परतला. "अव्वादचा गाल भोपळ्यासारखा सुजलाय. रात्रीच दाढ काढलीय. मला म्हणाला, बस, चहा घे."

धैफल्ला लंगडतच अव्वादच्या घरी धावला.

"कालच सांगायचंस ना," तो दारातच म्हणाला.

"व्याह्याच्या घरी येऊन दाढदुखी काय सांगत बसू?" अव्वाद गाल दाबत म्हणाला. "आत ये."

"माझा निरोप..."

"मी घरात कुणाला सांगितला नाही. काल मी आलो तेव्हा तू उठलाही नाहीस. रात्रीच बायकोला म्हटलं होतं, धैफल्लाचा गुडघा पुन्हा धरलेला दिसतोय. दुखण्यात माणूस काहीही बोलतो. निरोप ऐकून मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत वाट बघू."

धैफल्लाने आयुष्यभर इतके चेहरे वाचले, पण समोरच्या त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे त्याला वर बघवेना.