नाईककाकांचं पिवळं सीरम

"म्हात्रे, हे सीरम आहे की कोकम सरबत?" मॅडमनी ट्यूब उजेडाकडे धरून विचारलं.

मी घामाने निथळत उभा. पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन, मॅडम तिथल्या डॉक्टर. रक्त मशीनमध्ये फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात, वर राहतं ते सीरम. ते पिवळं दिसायला हवं. रक्ताला ऊन लागलं, धक्के बसले की पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि पेशींमधलं पोटॅशियम त्यात उतरतं. रिपोर्टमध्ये आकडा उगाच वाढतो. अशा सॅम्पलला आम्ही हिमोलाइज्ड म्हणतो.

धक्के माझ्या सायकलचे होते. स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतःच तपासल्यावर मला आरोग्याचा झटका आला आणि ऐन मे महिन्यात मी खारघरहून सायकलने यायला लागलो. वाटेत कामोठ्याला नाईककाकांचं रक्त घ्यायचो आणि पिशवी हँडलला लटकवायचो. माझा शहाणपणा तिथेच संपला.

काका बंदरावर क्रेन चालवून रिटायर झालेले. किडन्या गेलेल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. सोमवारी पोटॅशियम बघायचं, कारण ते फार वाढलं तर हृदय बंद पडतं. आकडा मोठा आला तर मंगळवारची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

माझा अवतार बघून काका शहाळं पुढे करायचे. "पी रं बाला. मना नाय चालत, तू पी."

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून त्यांना बंदी. मी दोन घोटांत संपवायचो. ते बघत राहायचे.

दोन सोमवार सॅम्पल लाल निघालं. दोन्ही वेळा मी दुपारी रिक्षाने जाऊन पुन्हा रक्त आणलं. आकडा नॉर्मल, पाचच्या आत.

"सायकल सोडा नाहीतर डबा आणा," मॅडम म्हणाल्या.

पँट दोन इंच सैल झाली होती, सायकल कशी सोडणार? तिसऱ्या सोमवारी स्टीलच्या डब्यात बर्फाची पिशवी, स्पंज, मधे ट्यूब, असा जामानिमा केला. काकांच्या बाल्कनीत त्या दिवशी एक रिकामं शहाळं दिसलं. माझं तर अजून हातात होतं.

"काका, तुम्ही नाही ना?"

"नाय रं. कालचा हाय तो."

कळंबोली सर्कलला एका खड्ड्यात डबा दणकून आपटला. लॅबमध्ये वीस ट्यूब एकदम मशीनला लावल्या आणि शर्ट बदलायला गेलो. परत आलो तर स्क्रीनवर नाईककाका, पोटॅशियम सात पॉइंट दोन. मी हसलो. म्हटलं, बर्फाचा एवढा थाट करूनही सायकल जिंकली. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हिमोलाइज्ड, रिपीट.' मॅडमना दाखवलं नाही. ट्यूबवर स्टिकर गुंडाळलेलं असतं, ती उचलून बघावी लागते. तीही बघितली नाही. दुपारी काम फार होतं. म्हटलं, उद्या सकाळी घेऊ.

सकाळी रिक्षाने गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग. काकांची मुलगी सुनंदा दारात आली. माझ्या हातातली बॅग बघून म्हणाली, "रिपोर्ट आणलात?"

पहाटे गेले होते. झोपेतच.

लॅबमध्ये येऊन ट्यूब रॅकमधून काढली आणि उजेडात धरली. सीरम स्वच्छ पिवळं. तीन सोमवारांत पहिल्यांदाच मी सॅम्पल नीट आणलं होतं.

मॅडमनी बराच वेळ ट्यूब बघितली. "काल कोणी बघितली?"

"कोणीच नाही."

तेराव्याला गेलो. सुनंदाला ट्यूबचं सांगितलं. आकडाही सांगितला. ती म्हणाली, "शहाळी मीच आणायचे. आधी एकच आणायचे, तुमच्यासाठी. मग बाबा म्हणाले, दोन आण. उन्हातून येतो, एकाने भागत नाही त्याचं." मग तिने विचारलं, "दोन लागायची ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो. "दोन."

सायकल अजून चालवतो. आकडा मोठा आला की आधी ट्यूब उचलून उजेडात धरतो, मग मॅडमना फोन लावतो, मग शर्ट बदलतो. पेशंटच्या घरी पाणीसुद्धा घेत नाही.