शांत नव्हती माझी आत्या

आत्या गेली तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणे, "किती शांत बाई! कधी आवाज म्हणून ऐकला नाही." मला असा संताप यायचा! कुणाबद्दल बोलताय तुम्ही? माझी आत्या सिनेमातल्या खलनायकाला शिव्या घालायची, त्याही गुजरातीत आणि खच्चून.

विधवा होऊन ती आमच्याकडे, म्हणजे धाकट्या भावाच्या घरी, गुजरातेत अकोट्याला राहायला आली. घरात सगळं हळू आणि शुद्ध मराठीत. पण महिन्यातून एकदा मला घेऊन बसने सयाजीगंजला सिनेमाला जायची. दिवे गेले की चपला काढून मांडी घालायची. नायकाच्या मागून कुणी सुरा घेऊन आला की ही ओरडलीच, "अल्या मूरखा, पाछळ जो, पाछळ!" खलनायकाला तर निर्वंशाचा शाप ठरलेला, "मूआ, तारुं नख्खोद जाय!" मागच्या रांगेतल्या बायका खूश. "मासी, फरी बोलो ने!" म्हणायच्या, आणि मासी पुन्हा बोलायची. मध्यंतरात मला म्हणे, "घरी गिळलेलं इथे ओकून टाकते बघ. महिनाभर पुरतं."

एकदा माझ्या वर्गातली मुलगी पुढच्या रांगेत होती. तिने वळून पाहिलं आणि फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच खेळाला भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कचेरीतले एक गृहस्थ होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी चुगली केली. संध्याकाळी जेवताना भाऊंनी मला विचारलं, "आक्का थेटरात ओरडते? खरं सांग."

आत्या आमटी वाढत होती. मी अकरा वर्षांची. 'नाही' म्हटलं असतं तर भाऊंनी माझ्यावरच विश्वास ठेवला असता. मी म्हटलं, "हो. दर वेळी. सगळे आपल्याकडे बघतात."

"आक्का, आपले आजोबा संस्थानात अव्वल कारकून होते," भाऊ म्हणाले. "आपल्या घरातल्या बाईने पिटात बसून बोंबलायचं? हे आजपासून बंद."

कसले आजोबा आणि कसलं संस्थान! संस्थान कधीच गेलं होतं, उरला होता तो नुसता ताठा, आणि तो गाजवायला सापडली कोण, तर घरातली विधवा बहीण. आत्या एवढंच म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चाही मला आजतागायत राग येतो. घालायची ना एक शिवी तिथेच! पण जाणार कुठे होती ती?

ती पुन्हा सिनेमाला गेली नाही. भाऊ असेपर्यंत कुणी विषयही काढला नाही. मी मात्र चाळीस वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडली.

भाऊ गेल्यावर मी हट्टाने तिला मल्टिप्लेक्सला नेलं. गुबगुबीत खुर्चीत ती पदर सावरून बसली, चपला पायातच. पडद्यावर एक हरामखोर नायिकेच्या मागे दबकत येत होता. मी वाट पाहिली. आत्या गप्प.

मी तिच्या कानाशी लागले. "आत्या, ओरड ना गं! आता कोण अडवतंय?"

तिने अंधारातच माझा हात थोपटला. "नको बाई," ती म्हणाली, "तुला लाज वाटते."

भाऊंचं तिने नावसुद्धा घेतलं नाही.