हात वर केला की पंढरी यायचा

खरं सांगतो, भावेशवर माझा राग न्हाय. पोरगा माझाच हाय, आणि बोलला ते बरोबरच होतं. "बाबा, चाळीस लूम खडखडवून आपण गोदाम भरतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. त्यापेक्षा सहाच कम्प्युटरची मशिनं घेऊ. पन्नास नगांची ऑर्डर आली तर पन्नासच विणू. सकाळी विणलं, संध्याकाळी गेलं." झालं! लूम भंगारात गेले, कारीगर दुसरीकडे लागले, अर्ध्या शेडला भिंत घातली. विणलेला माल उचलून खोक्यात ठेवायलासुद्धा आता लोखंडी हात हाय. धंदा झकास चाललाय. आमच्या काल्हेर गावातली माणसं बघायला येतात.

मी एकाच गोष्टीला अडून बसलो होतो. पंढरी जाणार न्हाय.

पंढरी म्हणजे आमचा जॉबर, लूम दुरुस्त करणारा. शेजारच्या मानकोली गावचा, माझ्याच वयाचा, बायको गेल्यापासून एकटा. तीस वर्षं आम्ही एका शेडमध्ये काढली, पण बोललो ते हातांनी. त्या खडखडाटात तोंडाने काय कपाळ बोलणार! अंगठा ओठाला लावला की चहा. कारीगराने हात वर केला म्हणजे त्याचा लूम बंद पडला. पंढरी पाना घेऊन निघालाच. लांबूनच बोटं नाचवून विचारायचा, कितव्या नंबरचा? माझी बायको वारली तेव्हा त्याने नुसता तळहात माझ्या छातीवर ठेवला होता. एवढे लोक येऊन बोलून गेले, पण तेवढा धीर मला कोणी दिला न्हाय.

भावेश म्हणाला, "राहू द्या काकांना. काम एकच. सूत तुटलं की मशीन थांबतं आणि वाजत राहतं. वाजलं की सूत जोडायचं, बटण दाबायचं."

गेल्या शुक्रवारी चार नंबरचं मशीन सकाळी थांबलं. भावेश दुपारी बाहेरून आला, तेव्हा त्याला दारातच आवाज आला. मशिनाच्या पडद्यावर वेळ दिसत होती, तीन तास वाजत होतं म्हणे. टेम्पो रिकामा परत जायला निघाला. पंढरी मशिनाकडे पाठ करून स्टुलावर बसलेला, जुना पाना पुसत. माझं डोकंच सणकलं. "अरे मेल्या, बहिरा झालास काय? तीन तास बोंबलतंय ते!" टेम्पोवाल्यासमोर ओरडलो. पंढरीने माझ्या ओठांकडे बघितलं. समजलं त्याला. पाना खिशात टाकला, चपला घातल्या आणि गेला.

लूम होते तोवर सगळेच बहिरे होते, पंढरीचे कान खरंच गेलेत हे कोणाला कळणार?

टेम्पो गेल्यावर भावेश माझ्या जवळ येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठं होता?"

"कुठं म्हणजे? इथंच! सकाळपासून टेबल सोडलेलं न्हाय."

भावेशने नुसतं चार नंबरकडे बोट दाखवलं. चार नंबर माझ्या टेबलापासून दहा पावलांवर हाय. आणि तो आवाज मलाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकोलीला गेलो. दार उघडं होतं, पंढरी पाठमोरा भांडी घासत होता. हाक मारून काय उपयोग? तो वळेपर्यंत उंबऱ्यात उभा राहिलो. वळला. मी हात वर केला.

तो बघतच राहिला. मग त्याने ओल्या बोटांनी विचारलं, कितव्या नंबरचा?

मी माझ्या कानावर बोट ठेवलं.

आधी हसला. मग त्याचे डोळे भरले, माझेही. अंगठा ओठाला लावून त्याने चहा टाकला. पिऊन झाल्यावर मी शेडच्या दिशेला हात दाखवला, चल म्हणून. त्याने तळहात आडवा फिरवला. शिफ्ट संपली की आम्ही तसाच फिरवायचो. मी चूक कबूल केली होती, पण चारचौघांत बोललेलं परत कसं घेणार?

आता सूत तुटलं की मशिनावर लाल दिवा लागतो. भावेशने माझ्यासाठी बसवलाय. दिवा लागला की माझा हात आपोआप वर जातो. थोडा वेळ तसाच ठेवतो. मग मीच उठतो.