मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारे हवालदार

वानखेडे हवालदार गेल्याचं मला केंद्रातल्या सिस्टरनं फोनवर सांगितलं. "काका, साहेब गेले... सकाळी, धंतोलीच्या दवाखान्यात." मी बरं म्हटलं अन् फोन ठेवला. आत माझा धाकटा भाऊ मधू झोपला होता. त्याला सांगायचं कसं, हेच घोळवत ओसरीत बसून राहिलो. संध्याकाळ झाली, कितीक संध्याकाळी झाल्या, सांगितलं नाही.

मधूचं डोकं तरुणपणापासून अधूनमधून फिरतं. आम्ही विणकर. घरातला माग बंद पडून जमाना झाला, पण पाय सोडून बसायचा त्याचा खड्डा मी कोणाला बुजवू दिला नाही. दौरा आला की मधू त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, रिकाम्या मागावर लुगडं विणतो, अन् जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. पूर्वी पोलिसांची गाडी यायची. शिपाई त्याला उचलून न्यायचे. मग ठाणं, सरकारी दवाखाना, कोर्टाचा कागद... त्यांचा दिवस त्यातच जायचा, राग मधूवर निघायचा, अन् सारी गल्ली दारात उभी राहून पाहायची. वानखेडे त्या शिपायांतलेच एक.

मग वस्तीतच अशा आजाऱ्यांसाठी केंद्र निघालं. थोड्या खाटा, एक डॉक्टरीण, ही सिस्टर. पोलिसांनी माणूस आणून सोडायचा अन् आपल्या कामाला लागायचं. मी विरोधात होतो. वानखेडे पहिल्यांदा एकटे आले तेव्हा मी दार अडवूनच म्हटलं, "आमच्या घरात कोनी पागल नाही."

"मी कुठं म्हटलं गा भाऊ? मेहमान म्हणून नेतो."

आत आले, बूट काढले अन् मधूच्या शेजारी खड्ड्यात पाय सोडून बसले. वर्दीतला माणूस! मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

"किती राहिलं गा?"

"काठ राहिला. उठलो तर तार तुटंल."

"मंग होऊ दे काठ. आता मले कोर्टात नाही जायचं."

केंद्रामुळं त्यांचा जो दिवस वाचला, तो ते असे आमच्या घरात घेऊन बसले. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं. मी जन्मभर विणलं आहे, त्या मागावर सूत नव्हतं हे मला दिसत होतं. पण दोघं इतके गप होते की धोटा इकडून तिकडं पळतो आहे, असं मलाच ऐकू यायला लागलं... शेवटी हवालदार म्हणाले, "टोक माह्याजवळ दे. मी धरतो, तू चाल." अन् नसलेली तार चिमटीत धरून ते गल्लीतून निघाले. कोपऱ्यावर भिवापुरी मिरची कांडून राहिले होते. साहेबांना शिंकांवर शिंका, डोळ्यांतून पाणी, पण चिमटी सुटली नाही. केंद्राच्या दारात सिस्टरला म्हणाले, "हे धरा. ढील नका देऊ." तिनंही धरलं.

पुढं दर वेळी हेच. ठाण्यातले त्यांना चिडवायचे, "वानखेडे, झालं काय गा लुगडं?" ते म्हणत, "होऊ तर दे, बायकोले घेऊन टाकतो."

परवा मधूला पुन्हा दौरा आला. नवा शिपाई आला, भला माणूस होता, पण मधू त्याच्याकडे बघेना. "साहेब येऊ दे." शिपायानं माझ्याकडं पाहिलं. गाडी बोलवायची की नाही, ते माझ्यावर आलं. मी भिंतीला धरून खाली बसलो.

"मधू, साहेब वारले."

मधूनं मागावरचा हात थांबवला. मग म्हणाला, "दादा, मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून तर राहिलो आता."

तो उठला. आपणहून वर आला अन् केंद्राच्या वाटेला लागला. शिपाई मागं दुरून चालला, मी बरोबर निघालो. गल्लीत मी जवळ गेलो तर मधूनं मला हातानं परतं सारलं. साहेब त्याचा हात न धरता बाजूनं चालायचे, तेवढी एका माणसाची जागा त्यानं आमच्या मधात ठेवली. मागून एक स्कूटरवाला हॉर्न देत त्या जागेतून घुसायला गेला. मधूनं हात आडवा केला.

"बाजूनं जा गा."

स्कूटरवाल्यानं त्या जागेकडं पाहिलं, मग मधूच्या तोंडाकडं, अन् गाडी नालीच्या कडेनं काढली.